साठीनंतर वॉटरकलर शिकायचंय? मग पैसे कागदावर घाला

शाळा सुटल्यापासून ज्यांनी ब्रश हातात धरलेला नाही आणि आता पन्नाशी-साठी उलटल्यावर परत धरावासा वाटतोय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली होती की नाही, ग्रेड कुठली आली होती, ते सगळं सोडून द्या, त्या वेळचं स्मरणचित्र आणि संकल्पचित्र आता फारसं कामाला येत नाही. क्लास लावायचा नाहीये, किंवा गावात चांगला क्लासच नाहीये, किंवा विशीतल्या पोरांच्यात जाऊन बसायचा संकोच वाटतो, तर घरच्या घरी आपलं आपण कसं सुरू करायचं, आधी काय आणि नंतर काय, ते सांगते.

वयाचा विषय एकदाच काढते आणि संपवते. रवींद्रनाथ टागोर साठीनंतर चित्रांकडे वळले, कुठल्या आर्ट स्कूलची पायरी न चढता, आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. अमेरिकेत ग्रँडमा मोझेस म्हणून एक शेतकरीण आजी होऊन गेली, संधिवाताने भरतकामाची सुई धरता येईना म्हणून तिने ब्रश धरला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आणि १०१ वर्षांची होईपर्यंत जगली. आपल्याकडे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी लहान वयातच सुरुवात केली पण शिकले ते स्वतःचं स्वतःच, घराणं सुतारकामाचं. आता टागोर ते टागोर, आपण आपण, पण मुद्दा एवढाच की साठीनंतर हात वळत नाही हे खरं नाही. नवख्या माणसाचं चित्र बिघडतं त्यात हाताचा दोष थोडा असतो, कागदाचा आणि घाईचा जास्त. हे पुढे परत परत येईल.

पायरी १ : माध्यम ठरवा, आणि लवकर ठरवा

ऑइल, अॅक्रिलिक, वॉटरकलर, पेस्टल, चारकोल, सगळं थोडं थोडं करून बघू असं म्हणणारी माणसं सहा महिन्यांनी सगळ्यात थोडी थोडी अडकलेली असतात आणि कपाट मात्र भरलेलं असतं. एकच घ्या. ऑइलला टर्पेंटाइनचा वास, दोन खोल्यांच्या घरात तो रात्रीपर्यंत जात नाही आणि कुणाला दमा असेल तर विषयच संपला, शिवाय एक चित्र वाळायला कित्येक दिवस, तोवर ते नातवंडांपासून लपवायचं कुठे. पेस्टलची भुकटी उडते, ती पण दम्याला वाईट. अॅक्रिलिक चांगलं आहे, चुकलं तर वरून रंगवता येतं, पण ते भराभर वाळतं आणि ब्रश धुवायला पाच मिनिटं उशीर झाला की ब्रश गेला.

मी वॉटरकलरच सांगेन. पाणी, रंग, कागद, बास. वास नाही, पसारा नाही, जेवायची वेळ झाली की टेबल दोन मिनिटांत रिकामं. लोक म्हणतात वॉटरकलर सगळ्यात अवघड, खोडता येत नाही. अर्धं खरं आहे. पण आपल्याला परीक्षा द्यायची नाहीये, बिघडलं तर कागद उलटा करायचा आणि मागच्या बाजूला दुसरं काढायचं.

पायरी २ : खरेदी

इथेच सगळे फसतात म्हणून जरा सविस्तर.

दुकानात गेलं की आपण सरळ रंगांकडे जातो, २४ ट्यूबचा मोठा बॉक्स उचलतो आणि कागद म्हणून शाळेतली चित्रकलेची वही. उलटं करा. रंग साधे चालतील, कागद चांगलाच हवा. वहीतला कार्ट्रिज कागद असतो दीडशे जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, जितकं जास्त तितका कागद जाड) आसपास किंवा त्याहून पातळ, त्यावर पाणी पडलं की तो पापडासारखा उठतो, रंग खळग्यात साचतो, दुसरा हात मारला की कागदाच्या गोळ्या निघायला लागतात आणि आपल्याला वाटतं आपल्याला जमत नाही. वॉटरकलरसाठी म्हणून बनवलेला, ३०० जीएसएमचा, कोल्ड प्रेस म्हणजे थोडा खरखरीत पोत असलेला कागद मागा. शंभर टक्के कॉटनचा असेल तर उत्तम, तो पाणी धरून ठेवतो आणि आपल्याला विचार करायला वेळ देतो, पण तो महाग पडतो. पंचवीस टक्के कॉटनवाले देशी कागद मिळतात, ब्रुस्ट्रो वगैरे, सुरुवातीला ते पुरे. फुल शीट घेतली, म्हणजे २२ बाय ३० इंची, तर तिचे आठ तुकडे होतात, साधारण साडेसात बाय अकरा, आणि दोन्ही बाजू धरल्या तर सोळा चित्रं. कागदाच्या तयार पॅडपेक्षा हे बऱ्याचदा स्वस्त पडतं, हिशोब करून बघा.

हातकागदाबद्दल विचारतात लोक. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झालेली, तिथे एकदा नुसतं बघायला म्हणून जरूर जा. पण बाजारात हातकागद म्हणून जे सरसकट मिळतं, पत्रिका आणि पिशव्यांसाठीचं, ते घेऊ नका, त्याला वॉटरकलरला लागतं तेवढं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच मुरू नये म्हणून दिलेली खळ, नसतं, रंग टिपकागदासारखा आत शोषला जातो. दुकानदाराला स्पष्ट विचारायचं, वॉटरकलरचा आहे का. तरी शंका आली तर एकच तुकडा आणून पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब थोडा वेळ वर टिकला तर ठीक, टाकल्या टाकल्या मुरून काळा डाग पडला तर नको.

आता रंग. सहा ट्यूब. लेमन यलो, यलो ऑकर, एखादा थंड लाल (परमनंट रोज मिळाला तर तो, नाहीतर क्रिमसन), बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू, प्रशियन ब्लू. काळा घेऊ नका, पांढरा तर अजिबात नको, का ते पुढे सांगते. कॅमलचे स्टुडंट क्वालिटीचे रंग आपण सगळ्यांनीच शाळेत वापरलेत, १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी शाई बनवायला सुरुवात केली तीच ही कॅमलिन, त्यांचेच आर्टिस्ट क्वालिटीचे पण येतात, ते जास्त दाट असतात, थोडासाच लागतो. परदेशी ट्यूबांचा मोह दोन वर्षं आवरा.

ब्रश तीन. राउंड १२ नंबर, राउंड ६ नंबर आणि एक इंची फ्लॅट, सगळे सिंथेटिक चालतील. राउंड घेताना दुकानदाराकडे पाणी मागा, ब्रश बुडवा, झटका, केस एकत्र येऊन टोक झालं पाहिजे. फाटलेलं टोक असेल तर दुसरा काढायला सांगा, लाजू नका. शून्य नंबर, दोन शून्य असले बारीक ब्रश मुद्दामच सांगत नाहीये, ते हातात आले की माणूस पहिल्या दिवशी पानाच्या शिरा काढत बसतो.

बाकीचं घरात आहे. बोर्ड म्हणून मुलांचं परीक्षेचं पॅड, पॅलेट म्हणून चिनीमातीची पांढरी बशी, पाण्याला दोन डबे (एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं स्वच्छ पाणी रंगात घ्यायचं), जुन्या बनियनचं फडकं, २बी पेन्सिल. मास्किंग टेप तेवढा हार्डवेअरच्या दुकानातून आणा. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात एका फेरीत सगळं होतं. एवढं सगळं हजार-दोन हजारांत बसायला हवं, त्याच्या वर जात असेल तर काहीतरी जास्तीचं घेतलंत.

पायरी ३ : बसायची जागा, चष्मा, हात

ही पायरी तरुण मुलांसाठी लिहिलेल्या गाइडमध्ये नसते, आपल्याला मात्र हीच आधी लागते.

खिडकीजवळ टेबल लावा. उजव्या हाताने काढत असाल तर उजेड डावीकडून आला पाहिजे, नाहीतर आपल्याच हाताची सावली कागदावर. थेट ऊन नको, पांढरा कागद उन्हात डोळे दिपवतो. रात्री काढायचं असेल तर पिवळा बल्ब काढून पांढऱ्या उजेडाचा लावा, पिवळ्या उजेडात लेमन यलो कागदावर दिसतच नाही आणि सकाळी बघितलं की आंब्याचा रस सांडल्यासारखं दिसतं.

चष्म्याचं असं आहे की बायफोकलचा खालचा भाग वाचायच्या अंतरासाठी असतो, हातभर लांबच्या बोर्डसाठी नाही. मग आपण हनुवटी वर करून बघतो आणि आठवड्याभरात मान धरते. उपाय सोपा आहे, नेहमीसारखं बसा, कुणाला तरी डोळ्यापासून कागदापर्यंत टेपने अंतर मोजायला सांगा, तो आकडा डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, ते त्या अंतराचा वेगळा साधा चष्मा काढून देतात. मोतीबिंदू असेल तर रंग पिवळट-तपकिरी दिसतात, ऑपरेशननंतर निळा एकदम झगझगीत वाटायला लागतो, तेव्हा आधीची चित्रं बघून घाबरू नका. क्लॉड मोनेचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, त्याच्या त्या आधीच्या काळातल्या चित्रांत लाल-तपकिरी रंग किती आहे ते नेटवर जरूर बघा.

हात थरथरत असेल तर ब्रश मोठा घ्या आणि मागून धरा, पेनासारखा टोकाजवळ नको. मनगटाने न काढता कोपरापासून हात हलवा, जमलं तर उभं राहून काढा. बारीक रेघ मारायची असेल तेव्हा करंगळी कागदावर टेकवा. थोडी वाकडी रेघ वॉटरकलरमध्ये वाईट दिसत नाही, उलट पट्टीने मारलेली वाईट दिसते. मात्र काही न करता हात नुसता मांडीवर ठेवलेला असताना थरथरत असेल तर तो चित्रकलेचा प्रश्न नाही, डॉक्टरांना दाखवा.

आणि चहाचा कप टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. का ते कळेलच.

पायरी ४ : पहिले पंधरा दिवस चित्र काढायचं नाही

हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. पण पंधरा दिवस फक्त पाणी आणि एक रंग. अल्ट्रामरीन घ्या किंवा बर्न्ट सिएना.

फ्लॅट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा पसरलेला थर, कसा द्यायचा ते नीट सांगते, कारण आकाश, भिंत, रस्ता, नदी सगळं यातूनच येतं. फुल शीटच्या आठ तुकड्यांपैकी एक परीक्षेच्या पॅडला चारी बाजूंनी टेपने चिकटवा. पॅडच्या वरच्या कडेखाली एक जाडसर पुस्तक सरकवा, म्हणजे थोडा उतार मिळेल. एका वाटीत रंग कालवा, लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट, कारण अर्ध्यात संपला की परत कालवेपर्यंत वरचा भाग वाळतो आणि रेघ पडते. फ्लॅट ब्रश पूर्ण भरून घ्या. वर डावीकडून उजवीकडे एकच आडवा हात मारा, सावकाश, न दाबता. त्या पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाच्या पाण्याचा एक फुगीर मणी साचलेला दिसेल. तोच महत्त्वाचा. ब्रश परत भरा आणि दुसरा हात असा मारा की ब्रश त्या मण्याला खालून जेमतेम शिवेल, मणी आपोआप खाली उतरतो. असं करत तळापर्यंत या. शेवटी जो मणी उरतो तो पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या, नाहीतर तो वाळताना वर चढतो आणि कोबीच्या पानासारखी नक्षी उठते. आणि मग हात मागे. जिथे जरा फिकं वाटतंय तिथे परत ब्रश लावायचा मोह होईल, लावायचा नाही. अर्धवट ओल्या वॉशमध्ये ब्रश घालणं हे वॉटरकलर बिघडण्याचं एक नंबरचं कारण आहे. एकतर पूर्ण ओलं असताना करा किंवा पूर्ण वाळल्यावर. वाळलंय का ते हाताच्या मागच्या बाजूने बघा, कागद गार लागला म्हणजे अजून आत ओल आहे.

वाळल्यावर रंग फिका होतो, ओला असताना दिसतो त्यापेक्षा बराच. म्हणून ओला असताना जरा जास्तच गडद वाटला पाहिजे. हा अंदाज पुस्तक वाचून येत नाही, वॉश देऊनच येतो.

हवामानाचं पण बघा. मे महिन्यात, त्यातून नागपूर-अकोल्याकडे असाल तर, तिसऱ्या हाताला पहिला वाळलेला असतो, तेव्हा पंखा बंद करा, कागद आधी मागून ओला करून घ्या आणि सकाळी सातला बसा. कोकणात जुलैमध्ये उलटं, वॉश वाळायला पाऊण तास, हेअर ड्रायर लागतो, पण तो लांबून फिरवा आणि वरची चकाकी गेल्यावरच, नाहीतर हवेने रंग ढकलला जातो.

फ्लॅट वॉश जमला की ग्रेडेड, म्हणजे वरून गडद आणि खाली येताना दर हाताला थोडं पाणी वाढवत फिका. मग वेट ऑन वेट, म्हणजे ओल्या कागदावर रंग सोडायचा आणि तो कुठे पळतो ते नुसतं बघायचं. याला शिस्त वगैरे नाही, मजा येते, एखादी संध्याकाळ करा.

शेवटी एक टोनची, म्हणजे गडद-फिक्याची पट्टी. पाच चौकोन, पहिला कोरा कागद, शेवटचा जेवढा गडद होईल तेवढा, मधले तीन सारख्या अंतराने. सोपं वाटतं. करून बघा, मधले तिन्ही सारखेच होतात. ती पट्टी जमेपर्यंत परत परत करा आणि जमलेली टेबलासमोर चिकटवून ठेवा.

पायरी ५ : एक वांगं

आता चित्र. ताजमहाल नको, नातवाचं पोर्ट्रेट नको, गूगलवरचा स्वित्झर्लंडचा फोटो तर नकोच. ओट्यावरचं एक वांगं घ्या, जांभळं, चकचकीत, देठवालं. पांढऱ्या कागदावर खिडकीजवळ ठेवा, उजेड एकाच बाजूने येऊ दे, घरातला लाइट बंद.

आधी पाच मिनिटं नुसतं बघा, डोळे किलकिले करून. किलकिल्या डोळ्यांनी बारीकसारीक तपशील जातात आणि फक्त तीन गोष्टी उरतात, उजळ, मधलं, गडद. खात्री करायची असेल तर मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. वांग्यावर खिडकीचा जो पांढरा तुकडा चमकतो तो सगळ्यात उजळ. बरोबर त्याच्या विरुद्ध कडेला, खाली, वांगं एकदम काळं होता होता परत थोडं उजळतं, कारण खालच्या कागदावरून उजेड उलटा आपटून वर येतो. हे एकदा दिसलं की कांद्यात, तांब्यात, माणसाच्या गालाखाली सगळीकडे दिसायला लागतं. आणि वांग्याची सावली, ती राखाडी नसते, टेकल्या जागी गडद आणि कडक कडेची, लांब जाईल तशी फिकी आणि मऊ.

रंगवताना एकच रंग, आधीच्या पायरीतलाच. पेन्सिलने बाहेरची रेघ आणि चमकीचा आकार हलका काढून घ्या. पहिला वॉश सगळ्या वांग्यावर, चमक सोडून. ती चमक म्हणजे कोरा कागद, पांढरा रंग घेऊ नका म्हटलं ते याचसाठी, वॉटरकलरमध्ये पांढरं म्हणजे न रंगवलेला कागद आणि तो आधीच ठरवून वाचवावा लागतो. सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर, त्यांचं हातात दिवा धरलेल्या बाईचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, बोटांतून झिरपणारा उजेड आणि चेहऱ्यावरची लाली बघून लोक ते ऑइल समजतात, ते वॉटरकलर आहे. पांढऱ्या कागदातून केवढा उजेड काढता येतो ते बघायला तिकडे गेलात तर त्या चित्रापुढे थांबा.

पहिला वॉश पूर्ण वाळला की दुसरा, फक्त मधल्या आणि गडद भागावर. तो वाळला की तिसरा, फक्त गडदवर. झालं. देठ शेवटी, दोन-तीन फटकाऱ्यांत. वीस मिनिटांचं काम आहे, पाऊण तास चाललं असेल तर तुम्ही सुरकुत्या काढत बसलात.

दुसऱ्या दिवशी तेच वांगं. तिसऱ्या दिवशी तेच. घरचे विचारतील आज भरीत आहे की चित्र, विचारू दे. एकाच वस्तूचं आठवं-दहावं चित्र पहिल्यापेक्षा किती वेगळं येतं ते शेजारी ठेवून बघाल तेव्हा कळेल, दहा वेगळ्या वस्तूंची दहा चित्रं केलीत तर सुधारतंय की नाही ते कळायला मार्गच राहत नाही. सगळ्यांच्या मागे पेन्सिलने तारीख घाला. पेनाने नको, शाई पुढे फुटते.

पायरी ६ : आता सहाही रंग काढा

टोन जमायला लागला की रंग सोपा होतो, उलट क्रमाने गेलं की दोन्ही अवघड.

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना हे जोडपं आधी नीट ओळखून घ्या. दोन्ही मिसळले की राखाडी येतो, निळा जास्त तर पावसाळी ढगाचा थंड राखाडी, सिएना जास्त तर जुन्या वाड्याच्या लाकडाचा गरम तपकिरी, दोन्ही दाट घेतले तर जवळजवळ काळा. म्हणून ट्यूबमधला काळा लागत नाही, तो चित्रात भोक पाडल्यासारखा दिसतो.

हिरवा ट्यूबमधला घेतला नाही तेही मुद्दाम. तयार हिरवा प्लास्टिकच्या पानांसारखा दिसतो. लेमन यलो आणि प्रशियनने भाताच्या रोपांचा कोवळा हिरवा येतो, यलो ऑकर आणि अल्ट्रामरीनने आंब्या-वडाचा जुना मळकट हिरवा, आणि कुठलाही हिरवा फार ओरडायला लागला तर चिमूटभर बर्न्ट सिएना टाका, तो गप्प बसतो. श्रावणातला सह्याद्री काढायचा असेल तर एका बशीत चार-पाच हिरवे लागतात, जवळचे पिवळट आणि गडद, लांबचे निळसर आणि फिके.

रंग मळतो कधी, तर तीनपेक्षा जास्त रंग एकत्र झाले किंवा ब्रश धुवायच्या डब्यातलंच पाणी रंगात घेतलं की. कागदावर घोटलं तरी मळतो. दोन रंग बशीत अर्धवटच मिसळा, उरलेलं कागदावर होऊ दे.

पायरी ७ : घराबाहेर

भीती वाटते खरी. लोक बघतील. बघतातच. मेणवलीच्या घाटावर किंवा नाशिकला गोदाघाटावर बसलात तर दहा मिनिटांत मागे चार माणसं, त्यातलं एक लहान पोर विचारणार, आजी हे काय आहे, आणि एक काका म्हणणार माझं पण काढा. युक्ती अशी की पाठ भिंतीला लावून बसायचं, मागे उभं राहायला जागाच ठेवायची नाही. आणि सुरुवातीला एकटं जायचंच नाही. अर्बन स्केचर्स नावाची जगभर चळवळ आहे, २००७ मध्ये सिअॅटलच्या एका वृत्तपत्र चित्रकाराने सुरू केली, मुंबई-पुण्यात त्यांचे ग्रुप आहेत, एकत्र जाऊन जागेवर बसून काढतात. कुणी तुमची ग्रेड विचारत नाही.

सोबत घडीचं स्टूल, टोपी, पाण्याची बाटली आणि पोस्टकार्डाएवढे कापलेले कागद. मोठा कागद बाहेर नेऊ नका. नऊच्या आत सुरू करा, तेव्हा सावल्या लांब आणि ठळक असतात. बसल्या बसल्या आधी काडेपेटीएवढ्या चौकटीत पेन्सिलने कच्चं आखून घ्या, कुठे गडद कुठे उजळ एवढंच, मग सावल्यांच्या जागा कागदावर पक्क्या करा कारण अर्ध्या तासात त्या सरकलेल्या असतात आणि सरकलेल्या सावलीच्या मागे धावत बसलं की चित्रात दोन सूर्य होतात. समोर दिसतं ते सगळं काढायचं नाही. विजेच्या तारा, फ्लेक्स, पार्क केलेल्या अॅक्टिव्हा, हवं ते गाळा.

पायरी ८ : गुरू नाही म्हणजे शिकवणारं कुणीच नाही असं नव्हे

यूट्यूबवर सगळं आहे आणि तोच त्रास आहे. रोज नवीन माणसाचा नवीन व्हिडिओ बघितला की प्रत्येकाचा पॅलेट वेगळा, प्रत्येकाचा कागद वेगळा, डोक्यात खिचडी. एक माणूस निवडा आणि तीन महिने त्याचंच बघा. मराठी माणसाला पुण्याच्या मिलिंद मुळीक यांचं काम जवळचं वाटतं, कारण त्यांच्या चित्रातले रस्ते आणि पाऊस आपले असतात. आणि व्हिडिओ बघताना ब्रश हातात हवा, पाय वर घेऊन बघितलेला व्हिडिओ म्हणजे सीरियल.

त्याहून महत्त्वाचं, खरी चित्रं बघायला जा. स्क्रीनवर कागदाचा पोत दिसत नाही. मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ पासूनची, आत जायला कुणी अडवत नाही. सातारा जिल्ह्यात औंधला भवानी संग्रहालय, औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं, राजे स्वतः चित्रकार होते, तिथे रविवर्म्यापासून आपल्या मराठी चित्रकारांपर्यंत सगळं एका टेकडीवर. कोल्हापूरला राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालय, हो, सिनेमातले तेच चंद्रकांत, निसर्गचित्रं करायचे. चित्रापुढे उभं राहिलात की आधी लांबून, मग अगदी जवळ जाऊन बघा, कुठला वॉश खाली आहे, कुठला वरून आलाय, पांढरं कुठे सोडलंय. एका चित्राला दहा मिनिटं द्या, सगळी भिंत बघायची गरज नाही.

दुसऱ्याचं चित्र बघून काढणं शिकण्यापुरतं चालतं, पूर्वीपासून सगळे असंच शिकत आले. फक्त मागे लिहून ठेवा कुणाच्या चित्रावरून केलं, आणि ते विकायचं नाही, आपलं म्हणून मिरवायचं नाही.

फॅमिली ग्रुपवर टाकलंत तर वाह, सुंदर, छान, आणि हात जोडलेले चार इमोजी. मायेने म्हणतात, पण त्यातून शिकायला काही मिळत नाही. एखाद्या जाणत्या माणसाला नेमकं विचारा, यात तुझी नजर आधी कुठे जाते? तुम्हाला जिथे जायला हवी होती तिथे जात नसेल तर पुढच्या वेळी काय करायचं ते कळलं.

पायरी ९ : जपून ठेवणं आणि भिंतीवर लावणं

पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, तपकिरी ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. चित्रं आडवी ठेवा, फोल्डरमध्ये, सिलिका जेलच्या पुड्या घालून (नवीन चपलांच्या खोक्यात येतात त्या टाकू नका), आणि बाहेरच्या ओल्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा.

काही रंग उडतात. बऱ्याच ट्यूबवर टिकाऊपणासाठी तारे किंवा खुणा छापलेल्या असतात, क्रिमसन लेक आणि अलिझरिनसारखे लाल या बाबतीत कच्चे. घरीच बघता येतं, सहाही रंगांच्या पट्ट्या एका कागदावर ओढा, अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि उन्हाच्या खिडकीत चिकटवून दोन-तीन महिने विसरून जा. मग काळा कागद काढा, कुठल्या रंगाने दगा दिला ते समोरच दिसेल, तो भिंतीवरच्या चित्रात वापरू नका.

फ्रेमवाल्याकडे गेलात तर माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, लावायला सांगाच. तो म्हणेल काकू कशाला, उगाच पन्नास-शंभर जास्त. पण माउंट नसेल तर काच थेट कागदाला टेकते, आपल्याकडच्या दमट हवेत आत बाष्प धरतं आणि कागद काचेला चिकटतो. मागे साधा पुठ्ठा असतो त्याच्याऐवजी अॅसिड फ्री मिळतो का विचारा, मोठ्या शहरात मिळतो. आणि चित्र अशा भिंतीवर लावा जिथे दुपारचं ऊन येत नाही.

प्रदर्शनाची घाई नको, नावाजलेल्या गॅलऱ्यांचं वेटिंग फार मोठं असतं आणि भाडंही. सोसायटीच्या गणपतीत एक भिंत मागून बघा. कमिटीवाले सहसा देतात, फक्त आरतीच्या बाजूची भिंत घेऊ नका, कापराचा धूर लागतो.